एका घरचे दोन परीक्षार्थी

३ जुलै १९८६, आलापल्ली

सकाळी कुंपणाबाहेरून हाका, "स्टेनोबाई हायत का?" सरकारने मला निवृत्त केलं, या गावाने अजून केलेलं नाही.

लहानूजी आला होता. मागे सून कमल, त्यामागे धाकटा मुलगा वसंत. थोरला आमच्याच ऑफिसात फॉरेस्ट गार्ड होता. मागल्या हिवाळ्यात तोडीच्या कूपात, म्हणजे तोडायला काढलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, झाड भलतीकडे फिरलं आणि तो गेला. आता त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळायची आहे. साहेबांनी कारकुनाची जागा राखून ठेवली आहे, पण मॅट्रिक पास हवं. सून नापास, दीरही नापास, दोघंही फक्त इंग्रजीत. ऑक्टोबरात पेपर.

म्हाताऱ्याचा न्याय असा: दोघं बसतील, पास होईल त्याची नोकरी. आणि शिकवायचं मी, कारण तालुक्यात कॉन्व्हेंटचं इंग्रजी माझ्याच घरी पडून आहे.

मी विचारलं, नवरा कुणाचा गेला?

तो म्हणाला, "मुलगा कोनाचा गेला बाई?"

मी माझा प्रश्न मागे घेतला. असं क्वचित होतं म्हणून लिहून ठेवते.

७ जुलै

कमल सकाळी येणार, धानाच्या रोवण्याला जायच्या आधी. वसंत संध्याकाळी, लाकूड डेपोतून सुटल्यावर. फी नाही. दोघांना वेगळं शिकवायचं मीच ठरवलं. कारण कुणाला सांगितलं नाही, स्वतःला माहीत आहे.

पहिला धडा, जो मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरने पट्टी हातात धरून दिला होता: वाक्य वाचायचं नाही, आधी क्रियापदं मोजायची. जितकी काळ दाखवणारी क्रियापदं तितकी क्लॉज. मग प्रत्येकाचा कर्ता शोधायचा. कर्ता आणि क्रियापद जोडीने सापडले की क्लॉज सापडलं. पुढे कर्म आहे की पूरक, ते नंतर.

कमल बोटाने एकेक शब्द दाबत होती, वांगं पाहावं तसं. चार वाक्यांत दोनदा चुकली. माझ्या तोंडून गेलं, "शाळेत काय गाई राखत होतीस?" ती म्हणाली, "हो ना बाई, चौथीपर्यंत राखल्या."

विचारण्याआधी विचार करावा, हे या वयात कोण शिकवणार.

८ जुलै

वसंत गाईड घेऊन आला. त्यात छापलंय: हू दिसलं की ॲडजेक्टिव्ह क्लॉज, व्हेन दिसलं की ॲडव्हर्ब, दॅट दिसलं की नाऊन. असली पुस्तकं छापणाऱ्याला एक वर्ष त्याच पुस्तकातून जेवू घालावं. मी लिहून दिलं, 'आय नो हू केम.' हू आहे, मग ॲडजेक्टिव्ह का? कुठल्या नामाबद्दल सांगतंय? कुठल्याच नाही. मला काय माहीत आहे, त्याचं ते उत्तर. म्हणून नाऊन क्लॉज. तोंड पाहून जात ठरवायची नसते, काम पाहून ठरवायची.

वसंतने वर पाहिलं. "हे तं आमाले कोनी सांगाले नाई पाह्यजे बाई."

मला हसू आलं. दाबलं. हा मुलगा मला आवडायचा नाही असं ठरलेलं आहे.

१५ जुलै

पाऊस. पुलावर पाणी, एसटी बंद. कमल डोक्यावर मोरा, इथलं पानांचं इरलं, घेऊन आली, लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल. तिची मुलगी सोबत, तिला गुळाचा खडा दिला.

कमलची अडचण आज समजली. आपल्याकडे 'जो माणूस काल आला तो माझा भाऊ आहे'. जो पुढे, तो मागे, दोन वाक्यं शेजारी उभी. इंग्रजीत तसं नाही. 'द मॅन' म्हणून झालं की 'हू केम यस्टरडे' मधेच पोटात शिरतं आणि 'इज माय ब्रदर' बिचारं पार टोकाला. कमल पोटातल्या क्रियापदालाच मुख्य धरते. मधलं वाक्य हाताने झाकून उरलेलं वाच म्हटलं. झाकलं. वाचलं. 'द मॅन इज माय ब्रदर.' उरलेलं स्वतःच्या पायावर उभं राहतं ते मेन. झाकलेलं एकटं उभं राहत नाही ते सबऑर्डिनेट.

त्यानंतर दहापैकी एकच चुकली. मंद नाही ती. कुणी थांबून सांगितलं नव्हतं.

१९ जुलै

आज मूर्खपणा झाला. ऑफिसच्या इंग्रजीची सवय, तोंडातून आपोआप निघालं: 'द ट्री दॅट फेल यस्टरडे वॉज ओल्ड.' काल पडलेलं झाड जुनं होतं. कमलची पेन्सिल थांबली तेव्हा कळलं मी काय लिहून दिलं. वाक्य बदलते म्हटलं. ती म्हणाली, राहू द्या. मधलं झाकलं, वाचलं, 'झाड जुनं होतं' हे मेन. बरोबर.

मग म्हणाली, "आनि पडलं ते?"

"ते सबऑर्डिनेट."

"पडलं तेच तं खरं होतं बाई."

मी उठून चहा ठेवला. सिस्टरने याचं उत्तर दिलं नव्हतं.

२९ जुलै

वसंत फार भराभर पुढे चाललाय. पोटातलं वाक्य त्याला एकदाच सांगितलं, तर म्हणे, "पाचर मारल्यावानी. ओंडका तोच, मधात पाचर." डेपोत दिवसभर सागाचे ओंडके फोडतो, त्याला तेच दिसणार. उपमा चांगली आहे. कमलला सांगावीशी वाटली, सांगितली नाही. त्याची तिला का?

जाताना वास्ते दिले, जंगलातून आणलेले बांबूचे कोवळे कोंब. नको म्हणणार होते. शिजवले. चांगले झाले, याचाही राग आला.

६ ऑगस्ट

वसंतला ॲडव्हर्ब क्लॉज निम्मंच दिलं. काळ, स्थळ, कारण. अट दिली नाही. इफ, अनलेस, धड्यात त्यांच्यामागून येणारं ऑलदो, काहीच नाही. धडा संपला म्हटलं. त्याने विश्वास ठेवला.

विसरले असं नाही.

पंचवीस वर्षं साहेबांचं इंग्रजी सुधारलं आणि बढत्या त्यांना मिळाल्या. एका बाईला एक खुर्ची मिळवून देताना मी थोडी वाकडी बसले तर कुणाचं काय जातं? वसंतला हात आहेत, डेपो आहे, उद्या बायको येईल. कमलला कोण आहे?

७ ऑगस्ट

कमलला अट शिकवली. दोनदा शिकवली.

१८ ऑगस्ट

लहानूजी भर दुपारी आला. म्हणे, वसंतचं चित्त नाही, सुनेला जे येतं ते याला येत नाही, तुम्ही शिकवता आणि हा झोपतो का? मी तोंड उघडलं आणि खरं बाहेर पडायच्या आत म्हटलं, लक्ष नसतं त्याचं.

घरी गेल्यावर म्हाताऱ्याने मुलाला लोकांदेखत बोल लावला असणार. संध्याकाळी वसंत आलाच नाही. कमल आली, तिची वेळ नसताना.

कळलं ते असं. मी सकाळी जे शिकवते ते ती धान निवडताना वसंतला सांगते. आणि तो संध्याकाळचं तिला. सुरुवातीपासून. पाचर तिला केव्हाच माहीत होती. अटीचं सांगायचं रोवण्याच्या घाईत राहून गेलं होतं. काल ती त्याला म्हणाली, अनलेसचं सांग. तो म्हणाला, ते काय असते? म्हातारा बाजेवर ऐकत होता.

मी म्हटलं, अगं वेडे, तो तुझ्याविरुद्ध बसतोय. ताटातलं उचलून त्याच्या ताटात वाढतेस?

ती म्हणाली, "एका चुलीवर रांधतो बाई आमी. वेगळं काऊन वाढू?"

मी कंदिलाची वात वर केली.

"भाऊजी झोपत नाई. खोटं बी बोलत नाई. तुमी त्याले शिकवलं नाई ना?"

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं नाही. मान हलवली.

"माह्यासाठी केलं तुमी. पन उद्या नोकरी लागली तं भाऊजी म्हनन, बाईनं देल्ली. अन् मी काय म्हनू?"

दोघांना एकत्र शिकवणार असाल तर येते, नाहीतर नाही, असं सांगून गेली. मला. माझ्याच ओसरीत.

२४ ऑगस्ट

कुणी आलं नाही. कालही नाही.

माझं काय अडलंय? नागपूरला बहीण बोलावतेच आहे. जिला मदत हवी तीच अटी घालते. अट शिकवली मीच.

२७ ऑगस्ट

निरोप पाठवला. दोघं या.

१० सप्टेंबर

दोघं येतात आता, दिवेलागणीच्या आधी. कमलची मुलगी वसंतच्या मांडीवर, त्याच्या पेनाची टोपी चावत. पहिल्या दिवशी वसंतला अट शिकवली. त्याने खाली मान घालून उतरवून घेतली. मला बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आज मोठी वाक्यं. तीन-तीन क्लॉज, एकाच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं. मी फळ्यावर वरून खाली उभी रेघ मारते, मेन वर, सबऑर्डिनेट खाली, तिसरं आणखी खाली, आणि प्रत्येकाशेजारी ते कुणाला बांधलंय ते लिहायचं. बांधणी लिहिली नाही तर गुण नाहीत.

कमल एका ठिकाणी अडली. वसंत म्हणाला, वहिनी, हे आपल्या बाबासारखं हाय, स्वतः काही करत नाई, दुसऱ्याले सांगते काऊन करायचं. ॲडव्हर्ब, कारण. कमल हसली. नवरा गेल्यावर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसत असेलही घरी, मी काय तिच्या घरात राहते?

कमल पेपरात नीट लिहील. वसंत भरभर लिहील. दोघंही आता मला सारखीच जवळची वाटतात असं म्हणायला हरकत नाही. हे वाक्य लिहायला जड गेलं.

२१ सप्टेंबर, रवि.

लहानूजी आला, खूश. बसला. पान काढलं. म्हणाला, दोघांले एका जागी बसवलं तुमी, लय बेस केलं. गावात बी लोक म्हणून राह्यले. "पेपर झाला का दोघांचा पाट लावून टाकतो. घरातलं घरात. नोकरी वसंताले, सून घरातच, नात घरातच. कोनाचं नुकसान नाई."

तेव्हा समजलं. पास होईल त्याची नोकरी हा न्याय नव्हताच. म्हातारा वेळ काढत होता. आणि मी, न्यायाने वागायचं म्हणून दोघांना एका चटईवर बसवलं, ती चटई त्याने मांडवात नेली.

मी विचारलं, दोघांना विचारलंत? तो म्हणाला, विचारायचं काय, आमच्यात चालते. मी म्हटलं, चालतं ते ठाऊक आहे, यांना चालतं का ते विचारते आहे. तुमच्या घरात तसबीर कुणाची आहे, तिच्याकडे पाहून तरी विचारा. तो उठला. जय भीम म्हणाला, पण माझ्याकडे न पाहता.

२२ सप्टेंबर

कमलला सांगितलं. तिला माहीत होतं, श्रावणापासून. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुम्ही बोलला असता त्यांना. बोललेच, म्हटलं. "पाहा," ती म्हणाली.

तुझ्या मनात काय आहे, विचारलं.

"आंदी पेपर."

वसंतबद्दल विचारलं. तो वाईट नाही म्हणाली. पोरीला जीव लावतो. आणि मग वही आवरायला लागली. त्याचा अर्थ हो की नाही, मला लागला नाही.

५ ऑक्टोबर

वसंत एकटाच लवकर आला. मी सरळ विचारलं. खोटं बोलला असता तर माझी सोय झाली असती.

"नोकरी पाह्यजे बाई मले. खोटं काऊन बोलू? डेपोत हात जाते मानसाचे. पन वहिनीले बांधून नाई पाह्यजे."

म्हटलं, वडिलांना सांगितलंस?

"तुमी सांगतल्यापासून त्यायचं एका टायमाचं जेवन बंद हाय. मी सांगतलं तं काय होईन?"

आरमोरीची एक मुलगी त्याच्या मनात आहे, एवढंही सांगून गेला. वहिनीला माहीत आहे का विचारलं तर जमिनीकडे पाहायला लागला.

तेवढ्यात कमल आली. धडा घेतला. चटईवर दोघांमध्ये पोर झोपलेली. कुणीही चुकलं नाही आज. मला त्यांनी चुकायला हवं होतं, बोलायला काही तरी मिळालं असतं.

१६ ऑक्टोबर, गुरु.

अहेरीला पेपर. दोघं एकाच एसटीने गेली. मी आंघोळ उशिरा केली, पोळी करपवली.

संध्याकाळी परत येताना ओसरीवर थांबली. कमल म्हणाली, वाक्य आलं होतं तोडायला, क्रियापदं मोजली, मधलं झाकलं, मग लिहिलं. बांधणी लिहिली? लिहिली. पर्यवेक्षक तिच्या हाताकडे पाहत होता म्हणे, हाताने झाकून कोण लिहितं असं वाटलं त्याला, चिठ्ठी आहे का म्हणून तळवा उघडून दाखवायला लावला.

वसंत म्हणाला, "अनलेस आलतं बाई."

एवढंच. मी आत गेले पाणी आणायला.

४ नोव्हेंबर

दिवाळी होऊन गेली. बहिणीचं पत्र, सामान बांध आणि ये. निकाल लागल्यावर, असं कळवलं. तुझा निकाल आहे का, असं ती विचारणार. विचारू दे.

१८ डिसेंबर

निकाल. दोघंही पास. कमलला त्याच्याहून थोडे जास्त. मी फुशारकीने शेजारी सांगत होते, मग थांबले.

दोघंही पास झाली तर काय, हे जुलैत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. सगळ्यांनी धरलं होतं की एक तरी बुडेल आणि बाकीच्यांना बोलावं लागणार नाही. बुडलं कुणीच नाही.

साहेबांचा निरोप: सोमवारी घरच्यांनी एक नाव ठरवून यावं, दुसऱ्याची संमती सोबत.

२० डिसेंबर

काल त्यांच्या घरी नातेवाइकांचं बसणं झालं. वसंतने येऊन सांगितलं. म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर काढलं: पाट, आणि नोकरी वसंतला. वसंत म्हणाला, बाबा, आता पाट म्हणत नाहीत, पुनर्विवाह म्हणतात. म्हातारा म्हणाला, मंग पुनर्विवाह. बाकीचे हसले. वसंतला हसवायचं नव्हतं, बाजूला सारायचं होतं, जमलं नाही. आरमोरीचं नाव काढलं नाही त्याने. मी त्याला भित्रा म्हटलं. "हो" म्हणाला.

आणि कमल?

कमल म्हणाली, मी सोमवारी साहेबासमोर बोलीन. घरात नाही. म्हातारा म्हणाला, घरातलं बाहेर बोलते का? ती म्हणाली, खुर्ची बाहेरच हाय ना मामाजी.

काय बोलणार, ते तिने वसंतलाही सांगितलेलं नाही. नोकरी मागेल, तर घर सुटेल असं म्हातारा स्पष्ट म्हणाला, नात इथेच राहील असंही. वसंतला देईल, तर उरलेलं सगळं, पाटही, त्याच्यासोबत येतं.

मी रात्रभर साहेबांसमोर काय बोलायचं ते जुळवत होते. माझं इंग्रजी अजून त्यांच्यापेक्षा चांगलं आहे.

२२ डिसेंबर, सोम.

सकाळी तयार होऊन बसले. ऑफिसात जायचं म्हणून जुनी रेशमी काठाची काढली, चष्मा पुसला. कमल आली. पांढरं धुतलेलं लुगडं, पोर कडेवर. मी चपला घालायला लागले.

"तुमी येऊ नका बाई."

मी विचारलं, का?

"तुमी बोलान. मंग ते तुमचंच बोलनं होईन."

मी म्हटलं, एक शब्द बोलणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मीही स्वतःवर विश्वास ठेवला नाही. मुलीला ओसरीत खाली ठेवलं, बाईजवळ बस म्हणाली. पोर बसली. म्हणजे मलाही बसावं लागलं.

वसंत आणि म्हातारा रस्त्यात थांबले होते. कमल त्यांना जाऊन मिळाली. तिघं डेपोच्या रस्त्याने निघाली, ती पुढे, वसंत दोन पावलं मागे, म्हातारा काठी टेकत शेवटी. वळणावर म्हातारा दमला. दोघं त्याच्यासाठी थांबली. काही तरी बोलणं झालं, हात हलले. मग तिघं पुन्हा निघाली तेव्हा मधे साग आले, पुढे कोण होतं ते इथून दिसलं नाही.

पोर विचारते आहे, आई कुठी गेली. ऑफिसात, म्हटलं. काऊन गेली, म्हणते. गुळाचा खडा दिला. तो खाऊन पुन्हा तेच विचारते आहे.